शिकागोत तीन दिवस: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

‘शिकागोत तीन दिवस मिळताहेत, काय काय बघून होईल?’ असा फोन आला, की मी आधी उलट विचारते: बरोबर कोण आहे, आणि पायात काय घालणार आहात? कारण हे शहर पायी बघायचं शहर आहे. इथल्या उपनगरात राहून आजवर बरेच पाहुणे फिरवले आणि त्यातून एक हिशेब पक्का झाला. तीन दिवसांत तिकिटं तीनच काढायची: एक बोटीचं, एक संग्रहालयाचं, एक उंच मजल्याचं. बाकीचं शिकागो फुकट आहे, आणि घरी परतल्यावर पाहुणे बोलतात ते जास्त करून त्या फुकटच्या शिकागोबद्दल. पाच-सहा ठिकाणांचा एकत्र पास घेतला की तो वसूल करण्याच्या नादात माणूस या रांगेतून त्या रांगेत जातो, शहर राहूनच जातं.

निघण्याआधी

मेचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये चांगलंच उकडतं, पण मिशिगन सरोवरावरचा वारा सुटला की किनाऱ्यालगत हवा एकदम गार होते. म्हणून उन्हाळ्यातही प्रत्येकाच्या पिशवीत एक पातळ जॅकेट हवंच. जानेवारी-फेब्रुवारीत पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरू शकतो आणि बोटी बंद असतात. कामानिमित्त तेव्हाच येणं झालं तर संग्रहालयं बघा, पण खास सहलीसाठी म्हणून हिवाळा निवडू नका. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर मुळीच नाही.

वार जपून निवडा. आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय मंगळवारी आणि बुधवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवार ते रविवार सोयीचे. मी पुढची आखणी त्याच हिशेबाने दिली आहे. बोटीचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा, शनिवारी संध्याकाळच्या फेऱ्या लवकर भरतात.

हॉटेल लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मधल्या भागात, किंवा नदीपलीकडच्या रिव्हर नॉर्थमध्ये घ्या. उपनगरात स्वस्त खोली घेऊन रोज गाडीने आत यायचा मोह होतो, पण तो पार्किंगमध्ये फिटतो. एकदा ओळखीतल्या एका कुटुंबाने गाडी हॉटेलच्याच तळघरात ठेवली. दोन रात्रींचं बिल आलं तेव्हा कळलं, की गाडीनेही जवळपास अर्धी खोली घेतली होती. गाडी घेऊन येत असाल तर ती शहराबाहेर रेल्वे स्टेशनाच्या पार्किंगमध्ये ठेवून आत या.

विमानतळावरून शहरात

ओहेअरला उतरलात तर ‘सीटीए’च्या, म्हणजे शहराच्या बस-रेल्वेच्या, पाट्या धरून खाली जा आणि ब्लू लाइन पकडा. पाऊण तासात लूपमध्ये. ही गाडी रात्रंदिवस चालू असते, आणि संध्याकाळच्या गर्दीत टॅक्सीपेक्षा आधी पोहोचवते. मिडवे विमानतळावरून ऑरेंज लाइन. फाटकावर स्पर्शाने चालणारं बँकेचं कार्ड टेकवलं तरी दार उघडतं, पण तीन दिवस फिरायचं तर स्टेशनातल्या यंत्रावरून व्हेंट्रा कार्ड आणि त्यावर तीन दिवसांचा पास घेणं सोपं. पास माणशी वेगळा लागतो, एकाच पासावर सगळं घर आत जात नाही. ओहेअरहून सुटं भाडं देऊन चढलात तर ते इतर स्टेशनांपेक्षा जास्त कापलं जातं, तेव्हा दचकू नका.

गाडीत मोबाइल हातात मिरवू नका, दाराजवळ बसला असाल तर मुळीच नको. रात्री उशीर झाला तर ज्या डब्यात माणसं जास्त, त्यात चढा. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पत्ता कसा वाचायचा

हे पाच मिनिटांत समजून घ्या, मग फोन खिशात राहतो. शहराचा शून्य आकडा स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकात आहे. तिथून चारही दिशांना घरांचे आकडे वाढत जातात, आणि ८०० आकडे म्हणजे साधारण एक मैल, म्हणजे दीड किलोमीटरच्या थोडं वर. ‘८०० नॉर्थ मिशिगन’ असा पत्ता दिसला, की समजायचं, मिशिगन अव्हेन्यूवर मॅडिसनपासून मैलभर उत्तरेला. आणि दिशा चुकली तर सरोवर शोधा. ते कायम पूर्वेलाच असतं.

पहिला दिवस: लूपमध्ये मान वर करून

सामान हॉटेलात टाका आणि शुक्रवारची दुपार लूपमध्ये घालवा. उन्नत मार्गावरून धावणाऱ्या गाड्या ज्या चौकोनाला वळसा घालतात तो लूप. लोखंडी खांबांवरचा हा मार्ग १८९७ पासून आहे, आणि त्याच्या खालून चालताना डोक्यावरून गाडी गेली की बोलणं थांबवावंच लागतं.

सुरुवात जॅक्सन आणि डिअरबॉर्नच्या कोपऱ्यावरच्या मोनॅडनॉक इमारतीपासून करा. तिथे सहसा पर्यटक नसतात, तरी मी सगळ्यांना आधी तिथेच नेते. त्यामागची गोष्ट अशी. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शहराला आग लागली आणि ती दोन दिवस पेटत राहिली. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर लोक बेघर झाले. मधलं शहर राख झालं, आणि त्याच जागेवर नव्या पद्धतीने बांधायला माणसांना मोकळं रान मिळालं. १८८५ मध्ये विल्यम ल बॅरन जेनी यांनी धातूच्या सांगाड्यावर होम इन्शुरन्स इमारत उभी केली. जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून तिचं नाव घेतात, ती १९३१ मध्ये पाडली. मोनॅडनॉकचा उत्तरेकडचा भाग १८९१ चा, सोळा मजल्यांचा, आणि तो मात्र जुन्या पद्धतीने विटांच्या भिंतींवरच उभा आहे. एवढं ओझं पेलायचं तर तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. आमचे बाबा आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. त्यांनी तळमजल्याच्या खिडकीच्या कोनाड्यात हात घातला, तो खांद्यापर्यंत गेला तरी काच लागेना. ‘आपल्या वाड्याच्या भिंती याच्यापुढे पापुद्रे,’ म्हणाले, आणि मग समोरच्या चौकातल्या काळ्या पोलादी, काचेच्या इमारतींकडे बराच वेळ बघत राहिले. जाड वीट आणि बारीक पोलाद यांच्यामधला तो रस्ता ओलांडलात, की हे शहर कशामुळे उंच झालं ते कुणी न सांगता कळतं.

त्याच चौकात अलेक्झांडर काल्डर यांचं १९७४ मधलं लालभडक ‘फ्लेमिंगो’ हे शिल्प आहे, त्याच्या कमानींखालून चालत जा. पुढे अ‍ॅडम्स आणि लासालच्या कोपऱ्यावर १८८८ ची रूकरी इमारत. आत काचेच्या छताखालचा पांढरा-सोनेरी चौक फ्रँक लॉइड राइट यांनी १९०५ मध्ये नव्याने सजवला. ही कचेऱ्यांची इमारत आहे, म्हणून कामाच्या दिवशी उघडी असतानाच बघून घ्या, शनिवारवर टाकू नका.

पाय दुखायला लागले की मर्चंडाइज मार्ट स्टेशनावर लूपच्या दिशेने ब्राउन लाइनमध्ये बसा. गाडी नदी ओलांडते, इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांना खेटून पूर्ण वळसा घालते आणि परत त्याच स्टेशनावर आणून सोडते. पास आहेच, वेगळे पैसे नाहीत. संध्याकाळी खाली नदीकाठच्या रिव्हरवॉकवर बसा.

दुसरा दिवस: पाऱ्याचा थेंब, एक जिना आणि नदी

सकाळी लवकर मिलेनियम पार्क गाठा, दहानंतर तिथे जत्रा असते. तिथल्या ‘क्लाउड गेट’ या शिल्पाला सगळे ‘बीन’ म्हणतात, म्हणजे घेवड्याचा दाणा, पण करणाऱ्याच्या मनात होता पारा. शिल्पकार अनिश कपूर यांचा जन्म १९५४ चा, आपल्या मुंबईतला. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून, सांधे घासून-पुसून असे नाहीसे केले आहेत की जोड शोधून सापडत नाही. वजन साधारण शंभर टन, उंची तेहतीस फूट. बहुतेक लोक समोरून एक फोटो काढतात आणि जातात. तुम्ही तसं करू नका. आधी लांबून बघा, त्यात आकाश आणि मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारतींची ओळ वाकलेली दिसेल. मग हळूहळू जवळ जा आणि शेवटी पोटाखाली शिरून वर बघा. आई तिथे हात हलवत उभी राहिली, वरच्या दहा-बारा प्रतिबिंबांतली आपली कोणती ते तिला शोधायचं होतं. निळ्या साडीमुळे सापडली. म्हणून सांगते, त्या दिवशी कपडे रंगीत घाला.

शेजारीच जाउमे प्लेन्सा यांचं क्राउन फाउंटन आहे: पन्नास फुटी दोन मनोरे, त्यांवर शिकागोच्या हजार रहिवाशांचे चेहरे आळीपाळीने उमटतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्या तोंडातून पाण्याची धार पडते. मुलं भिजणारच, जास्तीचे कपडे न्या. दहा वाजता रस्त्यापलीकडचं कल्चरल सेंटर उघडतं. १८९७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय म्हणून बांधलेली ही वास्तू आहे. आत जायला तिकीट नाही. वर प्रेस्टन ब्रॅडली हॉलमध्ये टिफनीचा अडतीस फूट व्यासाचा काचेचा घुमट आहे, त्याच्याखाली दहा मिनिटं नुसतं बसा. इथली स्वच्छतागृहंही लक्षात ठेवा, या भागात ऐन वेळी शोधायला गेलं की मिळत नाहीत.

मग आर्ट इन्स्टिट्यूट. दारातल्या ब्राँझच्या सिंहांपाशी पोहोचलात, की आत शिरण्याआधी थोडं थांबा. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ही इमारत उभी राहिली आणि सर्वधर्म परिषद इथेच भरली. ३१ मे १८९३ ला मुंबईहून बोटीत बसलेले स्वामी विवेकानंद ११ सप्टेंबरला इथे बोलायला उभे राहिले. त्याच परिषदेला मुंबईहून ब्राह्म समाजातर्फे बी. बी. नगरकरही आले होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या सभेसाठी उभारलेली सभागृहं तात्पुरती होती, ती आता नाहीत. पण आतला भव्य जिना त्या जागेला लागूनच आहे, आणि २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी याच जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर विवेकानंदांचं संपूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. अमेरिकेवरच्या २००१ च्या दहशतवादी हल्ल्याची तारीखही तीच, ११ सप्टेंबर, म्हणून अक्षरांना रंग दिले होते अमेरिकेच्या दहशतवादविरोधी इशाऱ्यांचे. ते प्रदर्शन संपलं. मी मात्र त्या पायऱ्या अजूनही सावकाश चढते. बाहेर मिशिगन अव्हेन्यूच्या या भागाला विवेकानंदांचं सन्माननामही दिलेलं आहे, तपकिरी पाटी शोधा.

आत तीन तास ठेवा, त्याहून जास्त नको, डोळे थकतात. जिना चढून वर गेलं की फ्रेंच चित्रकारांची दालनं. तिथे जॉर्ज सूरांचं ‘ला ग्रांद जात बेटावरचा रविवार’ हे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद चित्र आहे. आधी दोरीपर्यंत जवळ जा, नुसते रंगाचे ठिपके दिसतील. मग पाठमोरं न वळता दहा पावलं मागे या, आणि गवत, सावली, छत्र्या जागच्या जागी येताना बघा. ‘अमेरिकन गॉथिक’ आणि ‘नाइटहॉक्स’ ही चित्रं अमेरिकन दालनांत आहेत. मुलं कंटाळली तर तळमजल्याच्या खाली थॉर्न यांच्या चिमुकल्या खोल्या आहेत, अडुसष्ट. एका फुटाला एक इंच या मापाने केलेल्या: झुंबरं, गालिचे, टेबलावरची पुस्तकं. भातुकली खेळलेल्या कोणालाही तिथून हलवणं कठीण जातं.

संध्याकाळी, ऊन उतरताना, बोट. नदीवर बऱ्याच कंपन्यांच्या फेऱ्या आहेत. मी शिकागो आर्किटेक्चर सेंटरचीच सांगेन: दीड तासाची, आणि बोलणारे संस्थेचे प्रशिक्षित स्वयंसेवक, म्हणजे आवडीने शिकून आलेली माणसं. धक्का मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाशी आहे. अर्धा तास आधी रांगेत लागलात तर वरच्या डेकवर कडेची जागा मिळते. टोपी लागते, आणि परतीच्या वेळी ते जॅकेटही लागतं.

ऐकताना दोन गोष्टींकडे कान ठेवा. एक म्हणजे ही नदी उलटी वाहते. पूर्वी शहराची घाण नदीतून सरोवरात जायची, आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून यायचं. शेवटी पंचेचाळीस किलोमीटरचा कालवा खणून १९०० मध्ये प्रवाहच फिरवला. दुसरी म्हणजे विलिस टॉवर. १९७३ मध्ये तो ४४२ मीटर उंचीला पोहोचला आणि जगात सर्वांत उंच ठरला. त्याचा सांगाडा आखला तो ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी. नऊ चौकोनी नळ्या मोळीसारख्या एकत्र बांधायच्या, म्हणजे वाऱ्यापुढे एकीला दुसरीचा आधार. दोन नळ्या पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्यावर, तीन नव्वदाव्यावर आणि उरलेल्या दोनच वर एकशे दहापर्यंत जातात. बोटीतून या पायऱ्या स्पष्ट मोजता येतात. लिफ्टने वर गेलेल्याला त्या दिसत नाहीत.

उतरल्यावर पूल ओलांडून ट्रिब्यून टॉवरपाशी या. त्याच्या बाहेरच्या भिंतीत, हाताला लागतील असे, जगभरच्या वास्तूंचे शंभरावर तुकडे बसवलेले आहेत, खाली नावं कोरून. ताजमहालाचाही आहे. पाहुण्यांतल्या मुलांना मी तो शोधायला लावते.

तिसरा दिवस: दोन वाटा

मुलं लहान असतील तर १४६ नंबरची बस धरून सरोवरकाठच्या म्युझियम कॅम्पसला जा आणि फील्ड म्युझियम बघा. ‘सू’ नावाचा टी-रेक्स डायनोसॉर तिथे आहे: सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीचा, बारा मीटर लांब, १९९० मध्ये साउथ डकोटात सापडलेला. अशा वेळी उंच मजल्याचं तिकीट वाचवलं तरी चालेल, कारण अ‍ॅडलर तारांगणापाशी चालत गेलं की पाण्यापलीकडे अख्खं शहर एका ओळीत उभं दिसतं, तेही फुकट.

मोठी माणसं असाल तर उत्तरेची वाट घ्या. मिशिगन अव्हेन्यूने चालत निघा, ८०० आकड्यापाशी १८६९ चा वॉटर टॉवर लागतो, आगीतून वाचलेला. जरा पुढे काळी, अंगावर फुल्या काढलेली इमारत म्हणजे पूर्वीचं हॅनकॉक सेंटर, हीदेखील खान यांचीच. त्या फुल्या शोभेच्या नाहीत, वाऱ्याचा जोर त्याच झेलतात. चौऱ्याण्णवाव्या मजल्यावर जायचं तिकीट घ्या. विलिस टॉवरवरून बाहेर काढलेल्या काचेच्या पेटीत उभं राहण्याची हौस असेल तर तिकडे जा, पण देखावा मला इथला आवडतो: एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला किनारा आणि पलीकडचा काठ न दिसणारं पाणी. आईला ते गोड्या पाण्याचं तळं आहे हे पटायला दोन दिवस लागले.

खाली उतरून १५१ नंबरच्या बसने लिंकन पार्क. इथलं प्राणिसंग्रहालय १८६८ पासूनचं आहे आणि वर्षाचे सगळे दिवस विनामूल्य. दक्षिणेकडच्या तळ्याकाठी लाकडी जाळीची कमान आहे, तिच्यातून शहराचा फोटो सुंदर येतो.

खाण्याचं

डीप डिश पिझ्झा एकदा खाच. भाजायला पाऊण तास लागतो, म्हणून बसल्या बसल्या सांगून टाका. चार माणसांना मधल्या आकाराचा एक पुरतो, दोन मागवू नका. शाकाहारी मंडळींसाठी पालकाचा सगळीकडे मिळतो. हॉट डॉग आणि इटालियन बीफ ही इथली शान, पण दोन्हींत गोमांस असतं. हॉट डॉगच्या नावावरून ते कळत नाही, म्हणून न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. जार्दिनिएरा नावाचा प्रकार मात्र प्रत्येकाने चाखावा: तेलात मुरवलेली मिरची, गाजर, फ्लॉवर, सेलरी. आपल्या लोणच्याची लांबची मावशीच. विचारलं तर पिझ्झ्यावरही घालून देतात. बिलावर दहा टक्क्यांच्या वर कर लागतो आणि वेटरला अठरा ते वीस टक्के टिप द्यायची रीत आहे, बजेट तसं धरा.

घरच्या जेवणाची आठवण झालीच, तर रविवारी संध्याकाळी डेव्हन अव्हेन्यू. रेड लाइनने लोयोला, तिथून १५५ नंबरची बस. एकाच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग, दुसऱ्याला मोहम्मद अली जिना आणि तिसऱ्याला गोल्डा मेयर यांचं नाव आहे. डोसा, चाट, हलवा, कुर्त्यांची दुकानं, सगळं सापडेल. मराठी पाटी मात्र शोधू नका, इथला मराठी माणूस दुकानात नाही, मंडळात भेटतो. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये याच शहरात स्थापन झालं. गणपतीच्या सुमारास येत असाल तर महाराष्ट्र मंडळ शिकागोचा कार्यक्रम कधी आहे ते बघून तारखा ठरवा.

परत निघताना

ओहेअरची ब्लू लाइन टर्मिनल १, २ आणि ३ जवळ सोडते. परदेशी जाणारी बरीच विमानं टर्मिनल ५ वरून सुटतात, तिथे जायला विमानतळाची आतली मोफत गाडी घ्यावी लागते. भारताचं विमान असेल तर हॉटेल किमान चार तास आधी सोडा. आणि लूपमध्ये फलाटावरून गाडीत चढताना डब्यावरची पाटी वाचा. ‘ओहेअर’ लिहिलेलीच गाडी हवी. त्याच लाइनची उलट दिशेची गाडी फॉरेस्ट पार्कला जाते.